एकदा वाचून दाखवा ना

सकाळपासून कुरकुरत, रडतखडत फिरणारा वर्गातला पंखा तालमीच्या ऐन मध्यावर एकाएकी पिसाळल्यासारखा गरगरू लागला आणि पोरांच्या हातातले कागद उडाले. एकच गोंधळ झाला. दिवा झालेला मुलगा बाकाखाली शिरला, मांजर झालेली मुलगी खिडकीकडे धावली, वारा झालेला "बाई, मी नाही केलं!" म्हणून ओरडला आणि सगळा वर्ग खिदळला. बाईही हसल्या. निवेदक झालेली मुलगी मात्र थांबली नाही. काही झालं तरी गोष्ट थांबवायची नाही, हा बाईंचाच नियम. तिने पायाशी आला तो कागद उचलला, दोन्ही हातांत नीट धरला आणि खणखणीत आवाजात पुढचं वाक्य म्हटलं: "आणि मग दिव्याने डोळे गच्च मिटून घेतले. सगळा रस्ता काळाकुट्ट झाला. अंधार हळूच म्हणाला, अरे, मी तुझ्याच पायाशी तर राहतो!" पोरं तिला भोंगा म्हणत ते काही उगाच नाही. बाईंनी खुशीत मान डोलावली आणि स्वतःच्या चपलेशी आलेला कागद उचलायला वाकल्या. तो निवेदकाचा होता. प्रत्येक पात्राची वाक्यं त्या वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करत, निवेदकाचा रंग लाल. भोंग्याने आत्ता म्हटलेलं वाक्य इथे, बाईंच्या हातात, लाल रेघेवर बसलेलं होतं. मग तिच्या हातात काय होतं? बाई मुकाट्याने बाकांमधून चालत तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या हातात मांजराचा शेवटचा कागद होता. हिरव्या रेघा, आणि त्यांवर बहुतेक ठिकाणी नुसतं म्याँव. त्या म्याँवखालून भोंग्याचं बोट सावकाश सरकत होतं, डोळे कागदावरच होते, आणि तोंडातून काळोख, पहारेकरी, दिव्याची भीती असं सगळं जिथल्या तिथे, योग्य त्या चढउतारासकट बाहेर पडत होतं.

पंख्याचं बटण बंद करायला म्हणून बाई भिंतीकडे वळल्या, म्हणजे चेहरा कुणाला दिसला नाही. हिला वाचता येत नाही. मनातल्या मनात म्हटलेलं हे वाक्य त्यांना इतकं मोठ्याने ऐकू आलं की आपण बोललो की काय, असं वाटून त्यांनी मागे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. भोंगा वाचत होती. वाचत कसली होती, म्हणत होती. आणि उद्या कार्यक्रम होता. उद्या पालक येणार होते, मोठ्या बाई पहिल्या रांगेत बसणार होत्या आणि त्यांच्या शेजारी वरच्या कचेरीतले साहेब. वाचननाट्याचा हा तास पुढच्या वर्षी ठेवायचा की काढून गणिताला द्यायचा, हे साहेब उद्या ठरवणार होते. गणिताच्या सरांनी तर तो तास आपलाच असल्यासारखं बोलायलाही सुरुवात केली होती. ते एक वेळ चाललं असतं. पण मोठ्या बाईंनी आणखी एक गोष्ट परस्पर ठरवून टाकली होती: मागे पडलेल्या मुलांच्या या तुकडीतून भोंग्याला साहेबांच्या हस्ते वरच्या तुकडीत पाठवायचं. "बघा की हो, वर्षाच्या सुरुवातीला एक ओळ धड वाचता येत नव्हती पोरीला, आणि आता! तुमची कमाल आहे, बाई." वरच्या तुकडीत अक्षरं कुणी शिकवत नाही. तिथे अक्षरं येतात हे धरून चालतात. तिथे ही पोर मागच्या बाकावर बसेल, शेजारच्या मुलीकडून ऐकेल, पाठ करेल, ऐकेल, पाठ करेल, आणि एक दिवस कुणीच मोठ्याने वाचून दाखवणार नाही अशा जगात जाऊन उभी राहील. तेव्हा तिच्या पाठीशी कोण असेल?

पद्धत साधी होती आणि बाईंचा तिच्यावर जीव होता. पोरांना धडा वाच म्हटलं की ती दगड फोडल्यासारखी एकेक अक्षर फोडत बसतात, त्यांच्या हातात संवाद दिले की तीच पोरं बोलायला लागतात. पाठांतर करायचं नाही, सोंगं करायची नाहीत, पडदा नाही, रंगरंगोटी नाही. कागद हातात, डोळे कागदावर, आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत. आठवडाभर तोच कागद पुन्हा पुन्हा वाचायचा, म्हणजे अडखळणं गळून पडतं आणि अर्थ आवाजात उतरतो. संवाद बाई स्वतः लिहीत, रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या, अंधाराला घाबरणाऱ्या या दिव्याचेही त्यांनीच लिहिले होते. आणि आठवड्याच्या सुरुवातीला त्या सगळं वाचननाट्य एकट्या, सगळ्यांचे आवाज काढून, वाचून दाखवत. तिथेच घोडं पेंड खात होतं, हे त्यांच्या आत्ता, पंख्याच्या बटणावर हात ठेवून, लक्षात येत होतं. त्या सुरेख वाचत. शाळेत सगळ्यांना ते ठाऊक होतं, बाईंना तर सगळ्यांत जास्त. म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा घोगरा आवाज काढला की मागच्या बाकावरचं चुळबुळणंसुद्धा थांबे. तेवढ्यात पुढच्या रांगेतून तो आर्जवी आवाज येई: "बाई, आणखी एकदा वाचून दाखवा ना. मला अगदी तुमच्यासारखं वाचायचंय." कोण नाही पाघळणार? बाई वाचत. एकदा, दोनदा, कधी मधल्या सुट्टीत फक्त तिच्यासाठी. आपली गोष्ट आवडणारी एक तरी पोर आहे, म्हणून त्या दिवसभर खुशीत असत. तिला गोष्ट नको होती, तिला माल हवा होता. आणि बाईंनी तो पोत्याने ओतला.

तालीम संपली, पोरं दप्तरं आपटत पळाली. बाईंनी भोंग्याला थांबवलं. ती शेजारी येऊन उभी राहिली, दोन घट्ट वेण्या, एका बुटाची नाडी सुटलेली, चेहऱ्यावर शाबासकी घ्यायची तयारी. तिचा बाप लांबच्या गाड्या चालवायचा, आई दुसऱ्यांच्या घरची म्हातारी माणसं सांभाळायची, आणि घरी ही एकटीच रेडिओ लावून बसायची, एवढं बाईंना ठाऊक होतं. बाईंनी टेबलावरचं सूचनेचं चिटोरं तिच्यापुढे सरकवलं. पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना होती, तिची कुणी तालीम घेतलेली नव्हती. "एवढं वाच बघू." मुलगी कागदाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी आत ओढलं गेलं, दार लोटून घ्यावं तसं. मग ती हसली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही एकदा वाचून दाखवा ना."

आता बोलायचं होतं. आत्ता, दोघीच असताना, हळूच, बाळा, तुला हे वाचता येत नाही ना, असं. वीस-पंचवीस वर्षं ज्या बाईने शिकवण्यात घालवली, तिच्या तोंडातून हे एवढं वाक्य निघायला काय हरकत होती? पण त्या पोरीच्या डोळ्यांत अशी काही भीती होती, आणि भीतीवर ओढलेलं ते हसू इतकं सराईत होतं, इतकं ओळखीचं होतं, की बाईंनी ते चिटोरं परत आपल्याकडे ओढलं. आणि त्यांनी काय करावं? वाचून दाखवलं! "उद्या पाण्याची टाकी धुतली जाणार असल्यामुळे..." चढउतारासकट. भोंग्याने लगेच बोट फिरवत तीच सूचना धडाधड म्हटली, बाईंनी "छान" म्हटलं, आणि ती नाडी न बांधताच उड्या मारत निघून गेली. बाई खुर्चीत बसून राहिल्या. स्वतःची एवढी चीड त्यांना फार दिवसांत आली नव्हती.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली, तरी बाहेरचं काही दिसेना. दिसायची ती दुकानांवरच्या पाट्यांची रांग. औषधांचं दुकान, चाव्या बनवून मिळतील, जागा भाड्याने देणे आहे. बाईंनी मुद्दाम डोळे बारीक करून पाहिलं. अक्षरं नुसत्या रेघोट्या झाली तर कसं वाटेल? नाही जमत. एकदा वाचता यायला लागलं की न वाचणं हातात राहत नाही, डोळा जाईल तिथे शब्द बोलतोच. ते हसू कुठे पाहिलं होतं ते काही त्यांना आठवावं लागलं नाही. ते हसू रोज संध्याकाळी त्यांना दार उघडत असे. बाईंच्या आईला वाचता येत नव्हतं. ही गोष्ट जगात फक्त बाईंना माहीत होती, आणि त्यांना माहीत आहे हे आईला माहीत नव्हतं. या एका गोष्टीवर त्यांच्या घरातली सगळी शांतता उभी होती. आई बसचा नंबर शेजारच्याला विचारी, कारण "उन्हात दिसत नाही मेलं." दुकानात यादी दुकानदाराच्याच हातात देई. सही मात्र झोकदार करी, चित्र काढावं तशी, एकही रेघ न चुकता. चष्म्याचा नंबर तर तिचा सदान् कदा बदललेला. आणि बाईही त्या खेळात वाकबगार झाल्या होत्या. औषधांच्या बाटल्यांना त्या रंगीत दोरे बांधत, सकाळचा लाल आणि रात्रीचा निळा, "मलाच गोंधळायला होतं गं" असं म्हणत. वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, "सवय झालीये वर्गात ओरडून ओरडून." नवरा एकदा वैतागून म्हणाला होता, "घरात आहेस तू, वर्गात नाहीस." लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, त्याला सगळ्या गोष्टी सरळ वर किंवा सरळ खाली जाताना दिसायच्या. त्यालाही बाईंनी कधी सांगितलं नाही. सांगितलं नाही याचा त्यांना अभिमान होता. आपण आयुष्यात फार काही केलं नाही, पण हे एक जपलं, असं त्यांना एकटं असताना वाटे.

त्या जपण्याची सुरुवात एका पुस्तकाने झाली होती. घरात तेव्हा एकच पुस्तक, जाड पुठ्ठ्याचं, वर नावेचं चित्र. आई निजताना ते उघडून वाची. एका म्हातारीची झोप हरवते आणि ती झोप शोधायला नाव घेऊन निघते. वाटेत तिला मासे भेटतात, पूल भेटतो, एक बुडालेलं घड्याळ भेटतं. आणि दर वळणाला म्हातारी वल्हं टेकवून म्हणते, "झोपे गं झोपे, येतेस की बुडतेस?" आई हे वाक्य अशा आवाजात म्हणायची की पांघरुणात पाय आखडून घ्यावेत. मग शाळा सुरू झाली, अक्षरं लागली, आणि एका दुपारी आई बाहेर गेली असताना छोट्या बाईंनी ते पुस्तक आपलं आपण उघडलं. त्यात म्हातारी नव्हती. त्यात लाकडांचे प्रकार होते, नावेच्या तळाला डांबर कसं लावतात ते होतं. पान उलटलं, आणखी उलटलं, शेवटपर्यंत गेल्या. घड्याळ नाही, झोप नाही. एवढंसं वय, पण त्यांना एकदम सगळं समजलं आणि रडू कोसळलं, आईसाठी. त्या संध्याकाळी आईने पुस्तक उघडलं तेव्हा त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं. "आता मला येतं वाचायला. रोज मीच वाचणार." आईचा हात पुस्तकावर क्षणभर घट्ट झाला होता. मग सुटला. आणि छोट्या बाईंनी डांबराच्या पानावर बोट ठेवून, ओळीओळीवरून सरकवत, म्हातारीची अख्खी गोष्ट वाचली. मासे, पूल, घड्याळ, सगळं जिथल्या तिथे. आईला काही म्हणजे काही कळू दिलं नाही. आज ते आठवलं आणि बसच्या खिडकीला टेकलेलं कपाळ त्यांनी झटकन मागे घेतलं. म्याँववरून सरकणारं ते बोट! ते त्यांचंच तर बोट होतं.

दार आईनेच उघडलं. "उशीर केलास, मने. दिव्याचं काय झालं तुझ्या? आज पेटला का?" आईला दिव्याची गोष्ट पाठ होती, कारण लिहिताना बाई तिलाच आधी ऐकवत. उद्या कार्यक्रमाला यायचं म्हणून तिने इस्त्रीचे कपडे खुर्चीवर काढून ठेवले होते आणि चष्मा पुसून त्यांच्यावर ठेवला होता. बाईंनी चहा टाकला. आधणाकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात आलं, भोंग्याची वाक्यं बदलूया. तिला जी अक्षरं येतात तेवढ्यांतच बसवूया. पण तिला कुठली येतात? माहीत नव्हतं. अख्खं वर्ष हाताखाली असलेल्या मुलीला कुठली अक्षरं येतात हे बाईंना माहीत नव्हतं! मग वाटलं, तिला आजारी पाडूया. मग, मीच आजारी पडते. मग, जाऊ दे ना, बोलेल ती घडाघडा, टाळ्या पडतील, तास वाचेल, बाकीच्या पोरांचं तर भलं होईल, ती पोरं खरीच वाचतात. एकटीसाठी सगळ्यांवर पाणी सोडायचं? चहा उतू गेला. "लक्ष कुठंय तुझं?" आई मागून म्हणाली. "कुठे नाही गं." "कुणी काही बोललं का शाळेत?" "नाही." "मग कुणी काही बोलायचं राहिलं का?" बाईंनी वळून पाहिलं. आई फडक्याने ओटा पुसत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात, असं म्हणून बाईंनी कप भरले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, वर्गातली बाकं आणावी लागली. भोंग्याची आई कामावरच्या कपड्यांतच धावतपळत येऊन दाराशी उभी होती. गणिताचे सर हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते. साहेब अपेक्षेपेक्षा तरुण निघाले, हसतमुख, पोरांच्या गालाला हात लावणारे. बाई कडेच्या बाकावर आपल्या आईशेजारी बसल्या होत्या. नाट्य सुरू झालं. पोरं कागद धरून रांगेत उभी. मांजर दोनदा अडखळलं, पहारेकऱ्याने एक ओळ गाळली, घाबरला, पुन्हा मागे जाऊन वाचली. आणि या सगळ्यांमध्ये भोंगा. न अडखळता, न थांबता, सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत. अंधार बोलतो ती ओळ तिने इतकी हळू घेतली की बाकं कुरकुरायची थांबली. बाईंना त्यात आपला श्वास ऐकू येत होता, आपण जिथे घेतो तिथेच घेतलेला. लोकांना ती मुलगी ऐकू येत होती, बाईंना नुसत्या बाई ऐकू येत होत्या. टाळ्या पडल्या. संपलं, निभावलं, असं वाटून त्यांनी पाठ टेकली, एवढ्यात साहेब उठले. "वा! ही निवेदक मुलगी म्हणजे कमाल आहे. आभारपण हिलाच वाचू द्या की." मोठ्या बाईंनी लगबगीने हातातला आभाराचा कागद भोंग्याला दिला. स्वतः लिहिला होता त्यांनी, सकाळी, कुणालाही न दाखवता.

भोंगा कागदाकडे बघत होती. मुलीने मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही एकदा वाचून दाखवा ना." सगळे कौतुकाने हसले. "अगं, बाई कशाला? तूच वाच, बिनधास्त," साहेब म्हणाले. बाई अर्धवट उठल्या होत्या, तशाच राहिल्या. मुलीने पुन्हा कागदाकडे पाहिलं. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. आणि वाचायला लागली: "आमच्या कार्यक्रमाला साहेब आले, त्यांचे आभार. सगळ्यांचे आईबाबा आले, ज्यांना यायला जमलं नाही त्यांचेपण आभार. काल आमचा पंखा फार जोरात फिरला, पण आज नीट वागला, त्याचे आभार. आणि आमच्या बाई आम्हाला कधीच नाही म्हणत नाहीत, त्यांचे सगळ्यांत जास्त आभार." तिने कागदाची घडी केली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण साहेब टाळ्या वाजवताहेत म्हटल्यावर आठी मावळली. त्या मागे वळून कुजबुजल्या, "मी लिहिलेलं बाजूलाच ठेवलं की कार्टीने! पण झकास केलं हो." हुशारी वाटली त्यांना ती. कुणालाही तेच वाटलं असतं.

"ती वाचत नाहीये, मने," शेजारून आई म्हणाली.

बाईंना वाटलं आपल्याला भास झाला. आई समोरच बघत होती, टाळ्या वाजवत होती. "काय म्हणालीस?" "पोरगी वाचत नाहीये. बोट जातंय, नजर जात नाही. नजरेने कुठे जायचं ते कळायला यावं लागतं वाचता." बाई म्हणाल्या, "तुला कसं..." "मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" आईने टाळ्या थांबवल्या आणि हात मांडीवर ठेवले. "नावेचं पुस्तक आठवतंय? तू माझ्या हातातून घेतलंस आणि म्हातारीची गोष्ट वाचलीस. वाक्यन् वाक्य तेच. अगं, ती म्हातारी मी रचलेली. पुस्तकात कुठून येणार ती? तू वाचायला लागलीस तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय." मागे कुणीतरी शिट्टी वाजवत होतं, पोरं वाकून वाकून नमस्कार करत होती. "मग बोलली का नाहीस कधी?" बाईंचा आवाज चिरकला. आई त्यांच्याकडे वळली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी म्हटलं, आता पोरीला येतंय. शिकवेल मला. आज म्हणेल, उद्या म्हणेल. तू दोरे बांधत बसलीस." आणि मग म्हणाली, "सगळ्या दुनियेला शिकवलंस, मने."

बाईंना नंतर आठवलं ते एवढंच, की समोरचं सगळं हलत होतं आणि कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. साहेब. "बाई, या ना पुढे! या मुलीला उद्यापासून वरच्या तुकडीत टाकतोय मी. काय, बरोबर ना?" भोंगा त्यांच्या शेजारी उभी होती, साहेबांचा हात तिच्या खांद्यावर, डोळे चमकत होते. दाराशी तिची आई ओढणीने डोळे पुसत होती. हिला वाचता येत नाही, हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलं. पण त्या पोरीच्या खांद्यावरून, तिच्या आईसमोर, सगळ्यांदेखत ते टाकायचं? बाई बाकांमधून वाट काढत पुढे गेल्या. "साहेब, ती माझ्याकडेच राहू दे." "अहो, का?" "माझ्याकडून शिकवायचं राहिलंय." साहेब हसले. "एवढं सुंदर वाचल्यावर आणि काय राहिलंय?" "माझी चूक झालीये," बाई म्हणाल्या, आणि आवाज कापत असूनही तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला, सवयच होती ती. "मुलांनी कागद बघण्याआधी मी वाचून दाखवते. फार वाचते मी. जे कानाने ऐकलंय तेच मुलं परत म्हणतात, आणि मला वाटतं माझी पद्धत लागू पडली. मला पहिल्यापासून पुन्हा करायचंय. या वेळी मी गप्प बसून." सभागृहात कुजबुज झाली. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. गणिताच्या सरांनी हाताची घडी सोडली. साहेबांनी मुलीच्या खांद्यावरचा हात काढून खिशात घातला. "म्हणजे या पद्धतीचा निकाल अजून नक्की नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" "हो." "बघू मग," साहेब म्हणाले. या 'बघू'चा अर्थ सगळ्या शिक्षकांना पाठ असतो. मोठ्या बाई जवळून जाताना दातांतल्या दातांत म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण करायची काय गरज होती?" भोंगा बाईंकडे टक लावून बघत होती. तिला सगळं समजलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं, आणि तो चेहरा हसूशिवाय केवढासा होता!

लोक पांगले. खुर्च्या एकमेकींवर चढल्या. भोंग्याची आई फाटकापाशी कुणाशी तरी बोलत थांबली होती. बाईंची आई त्याच कडेच्या बाकावर बसून होती. बाईंनी भोंग्याला बोलावलं, ती यायला तयार नव्हती, मग पाय ओढत आली. बाईंनी तिला बाकावर आपल्या आणि आईच्या मध्ये बसवलं, तिच्या मुठीतला चुरगळलेला आभाराचा कागद सोडवून घेतला आणि मांडीवर हाताने साफ केला. "तुम्ही सांगणार सगळ्यांना," मुलगी खाली बघत म्हणाली. "नाही." "मला येतं वाचायला." "नाही येत," बाई म्हणाल्या. हे एवढंच तर होतं. ते आता म्हणून झालं. "काल मला ते बोलायला हवं होतं. तुला येत नाही, आणि ते मी तुला शिकवलं नाही." मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने ते बाहीने पुसलं, नाक ओढलं, मान तिरकी केली, आणि दुसरं काही सुचत नाही म्हणून, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग तुम्ही एकदा वाचून दाखवा ना."

बाईंच्या ओठांपर्यंत पहिला शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. "नाही," त्या म्हणाल्या.

मुलगी कागदाकडे बघत होती, आणि या वेळी तिची नजर खरोखरच तिथे होती, धडपडत होती, एका अक्षरावरून घसरून पुन्हा त्यावर येत होती. ओठ उघडले, मिटले. मोडून मोडून, कुठलाही चढउतार नसलेला, कुणाचाही नसलेला असा आवाज बाहेर पडला. "आ..." नजर पुढे सरकली. "आ... ज." मुलीने घाबरून वर पाहिलं. बाई काही बोलण्याआधीच पलीकडून, चष्मा नाकावर नीट बसवत, मान पुढे काढून कागदाकडे बघत असलेली आई म्हणाली, "यातलं 'ज' कुठलं गं?"

मुलीने बोट ठेवलं. आईनेही आपलं बोट नेऊन तिच्या बोटाशेजारी ठेवलं.

"पुढे," बाई म्हणाल्या.